दोन वीरकाव्यांची तुलना

विद्यार्थी मित्रहो, १९९९ सालच्या पावसाळ्यातील एक प्रसंग मी तुम्हांस प्रथम सांगतो. त्या वेळी मी कल्याण येथील एका शाळेत आठवीच्या वर्गास मराठी शिकवीत होतो. तिकडे कारगिलच्या डोंगरांत युद्ध चालू होते. शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी युद्धाची ठळक बातमी लिहिली जाई. डोंबिवलीहून व ठाण्याहून येणारे शिक्षक गाडीत वाचलेले वर्तमानपत्र शिक्षकांच्या खोलीत पुन्हा मोठ्याने वाचीत. मुलांच्या बोलण्यातही लढाईवाचून दुसरा विषय नसे. अशा दिवसांत वीरकाव्य शिकवावे असे माझ्या मनात आले, आणि मी वर्गात दोन काव्ये वाचून दाखविली. एक होता तुळसीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा. दुसरी होती सेनापती प्रतापराव गुजर यांच्या अखेरच्या धावेवर कुसुमाग्रजांनी लिहिलेली सुप्रसिद्ध कविता. मग मी निबंधाचा विषय दिला: 'दोन वीरकाव्यांची तुलना'.

आठ दिवसांनी वह्या आल्या. बहुतेक मुलांनी एकच गोष्ट लिहिली होती. तानाजींनी गड मिळविला, प्रतापरावांना जय मिळाला नाही, म्हणून पोवाडा श्रेष्ठ! काहींनी उलट निकाल दिला होता. पोवाडा फार लांब आहे, कविता लहान व पाठ करण्यास सोपी आहे, म्हणून कविता श्रेष्ठ! वह्या तपासताना मुलांच्या चुकांहून माझीच चूक मला मोठी दिसू लागली. तुलना करा, असे मी सांगितले होते. परंतु ती कशी करावयाची, हे सांगितलेच नव्हते. ते राहून गेलेले काम आज आपण करू या.

'तुलना' हा शब्द 'तुला' ह्या शब्दाशी जोडलेला आहे. तुला म्हणजे तराजू. त्यामुळे तुलना म्हटली की एक पारडे खाली जावे आणि दुसरे वर उचलले जावे, असे आपणांस वाटू लागते. बाजारात धान्य घेताना ते ठीक आहे. पण काव्याचे वजन असे होत नाही. आपल्या भाषेत ह्यासाठी दोन निरनिराळे शब्दप्रयोग आहेत. एक 'डावे-उजवे ठरविणे' आणि दुसरा 'ताडून पाहणे'. डावे-उजवे ठरविताना आपण निकाल देतो. ताडून पाहताना एक वस्तू दुसरीच्या शेजारी ठेवून दोन्ही नीट निरखतो. दोन काव्यांवर निबंध लिहावयाचा तो ताडून पाहण्यासाठी. एकेक काव्य वेगळे वाचताना जे नजरेतून निसटते, ते दुसरे काव्य शेजारी आले की दिसू लागते. तुलनेचा खरा लाभ हाच होय.

आता आपली दोन काव्ये कोणत्या घटनांवर रचलेली आहेत, ते थोडक्यात पाहू.

१६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. कोंढाणा म्हणजेच सिंहगड हा त्यांतलाच एक. १६७० च्या फेब्रुवारीत, चार तारखेच्या रात्री, तानाजी मालुसरे मावळ्यांसह त्याचा कडा चढून गेले. किल्लेदार उदेभान राठोड ह्याच्याशी घनघोर लढाई झाली. गड हाती आला, पण तानाजी पडले.

पुढे चार वर्षांनी दुसरी घटना घडली. विजापूरचा सरदार बहलोलखान ह्याला सेनापती प्रतापराव गुजर यांनी १६७३ साली उमराणीजवळ कोंडीत पकडले होते. तो शरण आला, तेव्हा त्यांनी त्याला जाऊ दिले. ही गोष्ट महाराजांना आवडली नाही. पुढे तोच खान पुन्हा चालून आला. त्याचा पाडाव केल्यावाचून तोंड दाखवू नये, अशा अर्थाचे कडक शब्द महाराजांनी सेनापतीस कळविले, असे बखर सांगते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात, खानाची फौज समोर दिसताच प्रतापराव अवघ्या सहा सोबत्यांसह तिच्यावर तुटून पडले. सातही वीर तेथेच कामी आले. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच रायगडावर राज्याभिषेक झाला. तो पाहण्यास सेनापती उरले नव्हते.

घटना समजल्या म्हणजे काव्य समजले, असे मात्र समजू नका. निबंधाची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक काव्य स्वतंत्रपणे, मोठ्याने, निदान दोनदा वाचणे. पोवाडा तर डोळ्यांनी वाचण्यासाठी रचलेलाच नसतो. तो डफ आणि तुणतुणे ह्यांच्या साथीने लोकांपुढे उभे राहून गावयाचा असतो. शाहीर कथा पुढे नेतो, झीलकरी त्याला साथ देतात, मधूनच शाहीर गाणे थांबवून बोलू लागतो आणि पुन्हा चाल धरतो. सिंहगडचा हा पोवाडा पिढ्यान् पिढ्या लोकांच्या मुखी राहिला. पुढे ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा करून १८९१ साली संग्रह छापला, तेव्हा तो त्यात आला. तुमच्या गावच्या वाचनालयात असे संग्रह मागून पाहा. १८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ही तर आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांची जुनी घरेच आहेत.

कुसुमाग्रजांची कविताही गाणे होऊन घराघरांत पोहोचली आहे. लता मंगेशकर यांच्या आवाजात ती तुम्ही ऐकली असेल. तथापि तिचा जन्म कागदावर झाला, आणि तोही त्या घटनेनंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी. एक काव्य सभेपुढे उभे आहे आणि दुसरे एकट्या वाचकाजवळ बसले आहे. हा पहिला फरक लक्षात ठेवा. त्यावरून पुढचे अनेक फरक उलगडतील.

दुसरी पायरी टिपणाची. वहीच्या पानाच्या मध्यभागी एक उभी रेघ ओढा. डावीकडे पोवाडा, उजवीकडे कविता. नंतर एकेक प्रश्न घ्या आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंस लिहा. एका बाजूला उत्तर असून दुसरी बाजू रिकामी राहिली, तरी घाबरू नका. ती रिकामी जागा म्हणजे चूक नव्हे. पुष्कळदा तिच्यातच निबंधाचा सर्वांत चांगला मुद्दा दडलेला असतो. तो कसा, ते पुढे सांगेन.

कोणते प्रश्न घ्यावेत? मी पाच सुचवितो.

पहिला प्रश्न: काव्य कोठून सुरू होते? पोवाडा रणांगणावर सुरू होत नाही. जिजाबाईंच्या दृष्टीस कोंढाणा पडतो. त्या महाराजांना बोलावून घेतात, मायलेक सोंगट्यांचा खेळ मांडतात आणि जिंकल्यावर आई पुत्राकडे तो गड मागते. तिकडे उमराठ्यास तानाजींच्या घरी पुत्राच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी चालू आहे. त्या गडबडीत महाराजांचे बोलावणे येते. लग्न बाजूला राहते आणि ऐंशी वर्षांचे शेलारमामासुद्धा कंबर बांधून निघतात. म्हणजे लढाईपर्यंत पोहोचण्याआधी शाहीर आपणांस दोन घरांतून फिरवून आणतो. कविता मात्र आरंभीच पत्राच्या शब्दांनी पेटते. रण सोडून सेना मागे फिरली, हा बोल सेनापतीला ऐकावा लागतो. घर नाही, अंगण नाही, तयारी नाही. अपमान आणि त्याचे उत्तर, एवढेच तेथे आहे.

दुसरा प्रश्न: काव्यात किती काळ जातो? पोवाड्यात दिवस जातात, मुक्काम होतात, गडाचा भेद काढला जातो. यशवंती घोरपड कड्यावर चढविण्याचा प्रसंगही येतो, आणि मग रात्रीची लढाई. कवितेत सारे काही क्षणांत होते. सेनापती वळतात, सहा सरदार सावरून उठतात, धूळ उडते, आणि शत्रूच्या छावणीत सात जीव दिसेनासे होतात. म्हणून शाहिराची ओळ पाऊलवाटेने चालते, तर कवीची ओळ घोड्याच्या टापेसारखी धावते. कवितेच्या प्रत्येक कडव्याची अखेर पालुपदाशी यमक जुळवून त्या 'सात' ह्या आकड्यापाशी परत येते. मोठ्याने वाचलेत म्हणजे त्या परत येण्याने मनावर कसा आघात होतो, ते तुम्हांस आपोआप जाणवेल.

तिसरा प्रश्न: कवी त्या पराक्रमाला काय म्हणतो? शाहिराला तानाजींच्या कृत्याविषयी शंकाच नाही. स्वामीने सांगितले, सेवकाने केले. त्यात मोठेपण आहे. कुसुमाग्रजांनी मात्र सात वीरांच्या धावेसाठी 'वेड' हा शब्द वापरला आहे. हा शब्द सोपा नाही. वेड म्हणजे अविचार काय? सातांनी हजारोंवर जाणे शहाणपणाचे नव्हते, हे कवीला ठाऊक आहे. तरी तो त्यांना हसत नाही. त्या एका शब्दात कौतुकही आहे आणि कळवळाही आहे. निबंधात अशा एका शब्दावर थांबून चार वाक्ये लिहिलीत, तर ती चार पाने कथा सांगण्यापेक्षा अधिक मोलाची ठरतील.

चौथा प्रश्न: इतिहासापासून काव्य कोठे वेगळे होते? येथे जपून चालावे लागते. सभासदाच्या बखरीत तानाजींबरोबर पाचशे माणसे आहेत. पोवाड्यात हजारोंची फौज आहे. बखरीत घोरपड नाही, निवडक मावळेच कडा चढून जातात. तानाजींच्या मरणामुळे गडाला सिंहगड हे नाव पडले असे आपण ऐकतो. परंतु ते नाव त्या आधीच्या कागदपत्रांतही आढळते, असे इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. कवितेचेही तसेच आहे. प्रतापरावांचा खरा दोष शरण आलेल्या शत्रूला सोडून देण्याचा होता. कवितेत मात्र तो शत्रूला पाठ दाखविण्याचा झाला आहे. मग कवी खोटे बोलले काय? नाही. शाहिराला गर्दी जमवावयाची आहे, म्हणून त्याने फौज वाढविली. कवीला अपमान अधिक धारदार करावयाचा आहे, म्हणून त्याने दोष बदलला. असा बदल सापडला की 'चूक आहे' असे लिहून थांबू नका. तो बदल का केला असावा, ते शोधा.

पाचवा प्रश्न: मरणानंतर काय उरते? पोवाड्यात गड उरतो आणि महाराजांचा शोक उरतो. लोककथेत तर महाराजांनीच पुढे रायबाचे लग्न लावून दिले, असे सांगतात. कवितेत काय उरते? दगडांवरच्या खुणा, ओढ्यात मिसळलेला रक्ताचा रंग, दूर क्षितिजावर उठणारी धूळ आणि वाऱ्यावर कोणीतरी गात असलेले दुःखाचे गाणे. जिंकलेले असे काहीच उरत नाही. उरते ती केवळ आठवण.

टिपण झाले. आता निबंधाची उभारणी. ती दोन प्रकारांनी करता येते. पहिला प्रकार असा की आधी एका काव्याविषयी सारे लिहावयाचे आणि मग दुसऱ्याविषयी. हा सोपा, पण त्यात एक धोका आहे. दुसऱ्या काव्यापर्यंत येता येता वाचक पहिले विसरतो आणि एका निबंधाऐवजी शेजारी शेजारी ठेवलेले दोन निबंध तयार होतात. दुसरा प्रकार मुद्देवार लिहिण्याचा. एक मुद्दा घ्यावा, त्यावर दोन्ही काव्यांना बोलते करावे, मग पुढच्या मुद्द्याकडे वळावे. तुमच्या वयाच्या विद्यार्थ्यांनी दुसरा प्रकार निवडावा, असे मी सुचवीन. पाचही मुद्दे घेण्याची गरज नाही. जे तीन तुम्हांला खरोखर पटले असतील, तेवढेच घ्या. मुद्द्यांचा क्रमही विचार करून लावा. सोपा मुद्दा आधी आणि ज्यावर तुम्हांला सर्वांत अधिक सांगावयाचे आहे, तो शेवटी.

मुद्देवार लिहिताना वाक्यांचे जोड पक्के हवेत. कल्याणच्या फलाटावर तुम्ही आगगाडी पाहता. डबे कितीही चांगले असोत, त्यांना जोडणारी कडी निसटली तर गाडी पुढे जाईल आणि डबे मागे राहतील. निबंधातील कड्या म्हणजे 'त्याउलट', 'त्याचप्रमाणे', 'मात्र', 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे', 'जसे' आणि 'तसे' हे शब्द. परंतु नुसती कडी असून भागत नाही. जोडण्यासारखे दोन डबेही लागतात. पुढील उतारा पाहा:

'पोवाड्यात तानाजी शूर आहेत. त्याचप्रमाणे कवितेत प्रतापराव शूर आहेत. पोवाड्याची भाषा सुंदर आहे. कवितेची भाषाही सुंदर आहे.'

ह्यात कडी आहे, पण डबे रिकामे आहेत. तानाजी आणि प्रतापराव ही नावे काढून दुसऱ्या कोणत्याही दोन वीरांची घातली, तरी हा उतारा तसाच चालेल. जे वाक्य कोणत्याही काव्याला लागू पडते, ते ह्या काव्याविषयी काहीच सांगत नाही. आता हा दुसरा उतारा वाचा:

'दोन्ही काव्यांत नायकाला एक निरोप येतो आणि त्या निरोपानेच कथा हलते. पोवाड्यातील निरोप विश्वासाचा आहे. हे काम तुमच्यावाचून कोणी करणार नाही, असा त्याचा भाव आहे. त्याउलट कवितेतील निरोप दोष देणारा आहे. म्हणून तानाजी निघतात ते माणसे जमवून आणि वाट शोधून. प्रतापराव मात्र मागे वळून सैन्याकडे न पाहताच निघतात. विश्वासाने माणूस सावध होतो आणि अपमानाने उतावीळ होतो, असे ही दोन काव्ये शेजारी ठेवल्यावर वाटते.'

ह्या उताऱ्यात आधी साम्य सांगितले आहे, मग भेद, मग भेदाचा परिणाम आणि शेवटी लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत. हे मत काव्याच्या आधारावर उभे आहे, म्हणून ते पटते. तुम्हांला ते पटले नाही, तर तुम्ही काव्यातूनच दुसरा आधार काढून ते खोडू शकाल. ज्या मताशी असा वाद घालता येतो, तेच मत निबंधात लिहिण्याजोगे असते.

आरंभ आणि शेवट ह्यांविषयी थोडे सांगतो. आरंभात 'युद्ध ही फार भयंकर गोष्ट आहे' अथवा 'महाराष्ट्र ही वीरांची भूमी आहे' असली वाक्ये लिहू नका. ती खरी असली, तरी निबंध त्यांच्यामुळे पुढे सरकत नाही. कोणती दोन काव्ये, कोणाची, कशावर, आणि ती शेजारी का ठेविली, एवढे चार-पाच वाक्यांत सांगून कामास लागा. शेवटी आधीचेच पुन्हा सांगू नका. 'म्हणून हे काव्य श्रेष्ठ' असा निकालही देऊ नका. दोन्ही वाचून तुम्हांला असे काय कळले, की जे एकच वाचून कळले नसते? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तुमच्या निबंधाचा शेवट.

आता त्या रिकाम्या जागेची गोष्ट सांगतो.

त्या आठवीच्या वर्गात एक अबोल मुलगी होती. तिचे वडील सैन्यात होते आणि त्या दिवसांत त्यांचे पत्र येऊन बरेच दिवस लोटले होते. वर्गात ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती, मलाही होती. तिने दीड पान लिहिले होते. आरंभीचे एक पान साधेच होते. पुढे तिने लिहिले होते की पोवाड्यात रायबा आहे, त्याचे लग्न आहे, शेलारमामा आहेत. पण कवितेत प्रतापरावांच्या घरचे कोणीच नाही, आणि त्या सहा सरदारांची तर नावेही नाहीत. मग तिने विचारले होते: सेनापतींना पत्र आले, पण त्या सहांच्या घरी कोणी पत्र पाठविले काय?

मी तांबड्या शाईने त्या परिच्छेदाखाली 'विषय सोडून' असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले.

त्या रात्री मला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवू लागले. सकाळी शाळेत आल्यावर मी ती वही परत उघडली. टिपणाच्या पानावर तिने डावीकडे 'घर: उमराठे, रायबा, लग्न' असे लिहिले होते, आणि उजवीकडे नुसती रेघ मारली होती. वर्गातील पन्नास मुलांपैकी ती रिकामी जागा तिला एकटीला दिसली होती. तिने शेवटी आणखी एक वाक्य लिहिले होते, तेही मी घाईत ओलांडून गेलो होतो. कवितेच्या अखेरीस वाऱ्यावर जे कोणी गात आहे, ते त्या सहांपैकी कोणाच्या तरी घरचे असेल, असे तिला वाटत होते.

मुलांनो, ही कविता मी त्या आधी दहा-बारा वर्षे शिकवीत होतो. ते गाणे कोण गात असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो केवळ कविता वाचून तिलाही पडला नसता. पोवाड्यातले लग्नाचे घर तिने शेजारी ठेविले, म्हणून कवितेतले न दिसणारे घर तिला जाणवले. हीच तुलना. विषय तिने सोडला नव्हता. तो मीच सोडला होता.

मी तांबडे शब्द खोडले, गुण बदलले आणि तिचा निबंध वर्गापुढे वाचून दाखविला. 'माझे चुकले होते,' असेही सांगितले. शिक्षकाने असे सांगितलेले मुलांना विशेष लक्षात राहते. वर्गाच्या खिडकीतून पलीकडे खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला दिसे. १६५७ साली महाराजांनी कल्याण घेतले आणि पुढे ह्याच खाडीत त्यांच्या आरमाराची जहाजे बांधली गेली. एरवी मी मुलांना तो किल्ला दाखवून पराक्रमाच्या गोष्टी सांगत असे. त्या दिवशी एका मुलाने विचारले, 'सर, इथे लढलेल्यांचीही नावे कुणाला माहीत नसतील ना?' तो प्रश्नही त्या दीड पानाच्या निबंधातूनच आला होता.

इतिहासाने त्या रिकाम्या जागेचा थोडासा भाग भरून काढलेला आहे. १६८० साली महाराजांनी आपले धाकटे पुत्र राजाराम यांचा विवाह प्रतापराव गुजरांच्या कन्येशी लावून दिला. कडक शब्द लिहिणाऱ्या हातांनीच पुढे त्या मुलीला आपल्या घरात आणले. म्हणजे रायबाचे लग्न आणि प्रतापरावांच्या कन्येचे लग्न ह्या दोन गोष्टी परस्परांशेजारी ठेवाव्यात इतक्या सारख्या आहेत. पोवाड्याच्या परंपरेने आपली लग्नाची गोष्ट जपून ठेवली. कवीने मात्र आपली कविता मरणाच्या जागीच थांबविली. त्याने असे का केले असेल? लग्नाचे सनई-चौघडे वाजू लागले असते, तर ते वाऱ्यावरचे गाणे आपणांस ऐकू आले असते काय? ह्याचे उत्तर मी देणार नाही. ते तुमच्या निबंधासाठी ठेवतो.

ऑगस्ट महिन्यात त्या मुलीच्या वडिलांचे पत्र आले. ते सुखरूप होते. पत्र आल्याचे तिने वर्गात कोणाला सांगितले नाही; माझ्या टेबलाजवळ येऊन फक्त मला सांगितले.

युद्धावरील काव्ये वाचताना आपले रक्त सळसळते. ते सळसळावेच. परंतु लेखणी हातात घेतली म्हणजे थोडे थांबावे. कोण बोलत आहे, कोणाचे नाव घेतले गेले आहे, कोणाचे राहून गेले आहे, हे पाहावे. दोन काव्ये शेजारी ठेवली म्हणजे हे पाहणे सोपे होते. म्हणून तुमच्या वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढा, आणि एखादी बाजू रिकामी राहिली तर ती भरण्याची घाई करू नका. तिच्याकडे थोडा वेळ पाहत बसा.

स्वाध्याय

१. 'डावे-उजवे ठरविणे' व 'ताडून पाहणे' ह्या शब्दप्रयोगांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा व प्रत्येकाचा एकेका वाक्यात उपयोग करा.

२. सिंहगडचा पोवाडा व प्रतापराव गुजरांवरील कविता ह्यांचा आरंभ कसा निरनिराळा आहे? पाच-सहा ओळींत लिहा.

३. लेखकाने प्रथम 'विषय सोडून' असे का लिहिले असावे? पुढे त्यांचे मत का बदलले?

४. 'जे वाक्य कोणत्याही काव्याला लागू पडते, ते ह्या काव्याविषयी काहीच सांगत नाही.' ह्या विधानाचा अर्थ एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

५. तुमच्या आवडीची, एकाच विषयावरील दोन काव्ये निवडा. वहीच्या पानावर दोन बाजूंस टिपण करा आणि त्यावरून तीन मुद्द्यांचा निबंध लिहा. टिपणात एखादी जागा रिकामी राहिली असल्यास तिच्याविषयी एक परिच्छेद अवश्य लिहा.